ध्येयांचा कागद आणि क्षमेचा रकाना

नव्या वर्षासाठी बायबल वाचनाचं ध्येय ठरवायला वेळ लागला नाही. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. दिवसाला तीन-चार अध्याय घेतले की वर्षात पूर्ण होतात. प्रार्थनेची वेळ, दशांश (म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं), उपवास हेही पटकन ठरलं. अडलं ते क्षमेपाशी.

वर्षअखेरच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्या वर्षाच्या ध्येयांचा कागद वाटला. त्यावर तीन रकाने होते: ध्येय, किती, कधीपर्यंत. पहिल्यात मी लिहिलं, 'थोरल्या भावाला क्षमा करणं'. पुढचे दोन रिकामेच राहिले. कागद जमा करणाऱ्या ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मोजता येईल असं दुसरं काहीतरी लिहा ना." त्या प्रेमानेच बोलल्या, पण ते वाक्य मला आजही खटकतं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ऋण्यांना ऋण सोडल्याचं, म्हणजे अपराध्यांना क्षमा केल्याचं, दररोज म्हणतो आणि वर्षाची ध्येयं ठरवताना नेमकं तेच वगळायचं, कारण रकान्यात बसत नाही?

मी कागद दिला नाही, घरी आणला. 'किती' या प्रश्नाचं उत्तर मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात सापडलं. तिथे येशूचा शिष्य पेत्रही आकडाच विचारतो, सात वेळा क्षमा केली की पुरे का? येशू त्याला असं उत्तर देतो की मोजणंच थांबावं. तो रकाना मी खोडला. 'कधीपर्यंत'शी मात्र बरेच दिवस झगडावं लागलं. ईस्टरपर्यंत समेट, असं लिहून पाहिलं. पण समेटाला दोघं लागतात आणि भावाच्या मनाची तारीख मी कशी ठरवणार? वाट रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायाने दाखवली. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सर्वांशी शांतीने राहायला सांगतो, पण शक्य असेल तर आणि आपल्याकडून होईल तितकं. म्हणजे ध्येय माझ्या बाजूचंच लिहायचं. मग मी लिहिलं: रोज त्याचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करीन. जुनी गोष्ट नातेवाइकांपुढे उगाळणार नाही. त्याने हाक मारली तर तोंड फिरवणार नाही. ही तीन वाक्यं सापडली तेव्हा मला जो हलकेपणा वाटला, तो बाकीच्या सगळ्या ध्येयांनी मिळून दिला नव्हता.

ज्याच्याकडून मारहाण किंवा छळ झाला त्याला क्षमा करायची, तर पुन्हा त्याच्या हाताखाली जाऊन राहायलाच हवं असं नाही. हे कुणी दडपणाखाली असेल तर त्याच्यासाठी मुद्दाम लिहिते.

वाचनाबद्दल एक राहिलंच. उत्पत्तीपासून सुरुवात केली की लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या २७ अध्यायांत वेग मंदावतो. तिथे वाचन सोडू नका, सोबत रोज बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र जोडा. आणि ध्येयं लिहिण्याआधी याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय वाचा, उद्याच्या बेतांविषयी आहे. मी प्रत्येक ध्येयाआधी 'प्रभूची इच्छा असेल तर' असं लिहिलं आहे, आणि ते मनापासून आहे.

क्षमेपाशी अडलात तर स्तोत्र ५५ आधी घ्या. दगा शत्रूने नाही, जिवलग मित्राने दिल्याचं दुःख त्यात देवापुढे मोकळं केलं आहे. माझा राग मी आधी तसाच बोलून टाकला, त्यानंतरच भावाचं नाव प्रार्थनेत घेता आलं.