पुराच्या ग्रुपवर पडलेला तो व्हिडिओ

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 41 फुटांवर होतं. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले होते, एकेकातून 1428 क्युसेक. अशा रात्री आमच्या पूर-माहितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी झोपत नाही. कुठला रस्ता बंद झाला, कुणाच्या गोठ्यातली जनावरं बाहेर काढायची, ट्रॅक्टर कुणाकडं मोकळा आहे, सगळं तिथंच कळतं. मदतकार्यात या ग्रुपची देखरेख माझ्याकडं आहे. रात्री 11 वाजून 12 मिनिटांनी तिथं एक व्हिडिओ पडला.

मोठ्या पातेल्यात कुणीतरी काहीतरी टाकतोय, एवढंच त्यात दिसत होतं. वर मराठीत दोन ओळी होत्या : ‘निवारा केंद्रात जेवण कोण बनवतंय ते बघा. पाकीट घेण्याआधी विचार करा.’ शिवी नाही, कुणाचं नाव नाही. पण त्या केंद्रासाठी भाकरी थापायला शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायका सकाळपासून बसल्या होत्या, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं. ‘कोण’ म्हणजे कोण, ते कुणाला विचारावं लागलं नाही. द्वेषाची भाषा छोट्या ग्रुपवर बहुतेक वेळा अशीच येते. फक्त शिव्या शोधणाऱ्या ॲडमिनला ती दिसतच नाही.

व्हिडिओवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो किमान पाच हात फिरून आलेला. मागच्या दुकानाची पाटी आपल्याकडच्या लिपीत नव्हती. कोल्हापूरचा पूर आणि ते पातेलं यांचा काही संबंध नव्हता. पण खरंखोटं ग्रुपवर सिद्ध करत बसायची ती वेळ नव्हती. ‘हे खोटं आहे’ म्हणून उत्तर दिलं, की तो मेसेज पुन्हा वर येतो आणि ज्यांनी पाहिला नव्हता तेही बघतात.

आधी स्क्रीनशॉट घेतले : मेसेज, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर, खालची उत्तरं आणि अंगठे. एकदा ॲडमिननं मेसेज सगळ्यांसाठी पुसला की पुरावा आपल्याही हातात राहत नाही. पुढं पोलिसांकडं जायची वेळ आली, तर समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम 196 (पूर्वीचं 153 अ) सांगायला आपल्याजवळ काही तरी लागतं. मग व्हिडिओ पुसला. इथं बहुतेकांची चूक होते. मूळ मेसेज गेला तरी ज्यांनी त्याचा हवाला देऊन उत्तर लिहिलंय, त्यांच्या उत्तरात त्याचा तुकडा आणि ते छोटं चित्र तसंच राहतं. सहा उत्तरांपैकी तीन तशी होती. त्यातली दोन तर व्हिडिओच्या विरोधात लिहिलेली, चांगल्या मनानं. तीही पुसली आणि त्या दोघांना लगेच कारण कळवलं. नाहीतर त्यांना वाटतं, आपलंच तोंड बंद केलं.

‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे बटण दाबायचा मोह झाला होता. दाबलं नाही. पाणी चढत असताना ग्रुप अर्धा तास मुका राहिला, तर कुठल्यातरी वस्तीवरचा निरोप अडकतो. एरवी साध्या ग्रुपवर मी ते पहिल्या मिनिटाला करीन.

मग ग्रुपवर तीन ओळी लिहिल्या : ‘एका समाजाकडं बोट दाखवणारा, या पुराशी संबंध नसलेला व्हिडिओ काढला आहे. निवारा केंद्रातलं जेवण आमचेच कार्यकर्ते समोर बसून करून घेतात. यावर इथं चर्चा होणार नाही.’ पाठवणाऱ्याचं नाव घातलं नाही. नाव घातलं की बाजूनं आणि विरोधात अशा दोन फळ्या पडतात.

पाठवणारा तीन वर्षांपासूनचा माणूस. नावेची माहिती त्याच्याइतकी कुणाला नाही. फोन केला तर म्हणाला, “मी कुठं लिव्हलंय, नुसतं पुढं ढकललंय की.” मी म्हटलं, “मामा, पाकिटं परत आलीत. केंद्रातली लोकं उपाशी झोपलीत.” तो गप्प झाला, मग म्हणाला, “एवढ्यानं काय हुतंय, मी किती कामाला येतोय बघा.” कामाचा माणूस म्हणून सूट द्यायची नाही, हे आमचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून त्या रात्री डोकं शांत राहिलं. फोन पाच मिनिटांत संपवला. अशा माणसाशी खासगीत वाद घालत बसलो, तर तास-दोन तास जातात आणि तो आणखी घट्ट होतो.

आमचा नियम असा. द्वेषाचा फॉरवर्ड पहिल्यांदा आला, तर मेसेज जातो आणि माणूस सात दिवस बाहेर. स्वतः लिहिलेली शिवी, बहिष्काराची किंवा मारहाणीची हाक असेल, तर इशारा न देता कायमचं बाहेर. मामा सात दिवसांसाठी गेले. रात्री साडेबाराला एका नव्या नंबरवरून कुणीतरी आत आलं आणि तोच व्हिडिओ पुन्हा टाकला. ग्रुपची लिंक चहाच्या टपरीवर चिकटवलेली होती, तीच वापरलेली. लिंक रीसेट केली आणि नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सोय सुरू केली. मामांना काढण्याआधी हे केलं असतं, तर दुसरा फेरा टळला असता. तो दोष माझा.

बाकीचे ॲडमिन घाबरले होते. एकजण म्हणाला, ग्रुपच बंद करूया, केस आपल्यावर यायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय, की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. हे त्यांना वाचून दाखवलं. पण कायद्यानं सुटलो म्हणून तो मजकूर तिथं ठेवायचा का, हा प्रश्न वेगळाच, आणि माझ्या लेखी तोच मोठा.

आम्ही पाचही ॲडमिन एकाच पेठेतले, सगळे पुरुष. ‘कोण’ हा शब्द आमच्यातल्या दोघांना टोचलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या मोहल्ल्यातली एक आणि सुतारवाड्यातली एक, अशा दोन बायकांना ॲडमिन केलं. अंगठा दाखवणाऱ्या अकराजणांना एकेक करून फोन केले. सातजणांनी व्हिडिओ नीट बघितलाही नव्हता.

त्या रात्री मात्र एक फोन मी उशिरा केला, आणि तो आधी करायला हवा होता. चिखलीच्या भाभी दर तासाला रस्त्यावरच्या पाण्याची उंची ग्रुपवर लिहायच्या, पुलाच्या कठड्यावर खडूनं खूण करून. 11 च्या नोंदीनंतर त्यांची ओळ आली नाही. बारा वाजले, एक वाजला. मामांशी बोलण्यात, लिंक बदलण्यात आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. पावणेदोनला फोन लावला. “पाणी बघतेय भाऊ, पण तिथं लिहिणार नाही,” एवढंच म्हणाल्या.

आताही त्या मोजतात. आकडा माझ्या नंबरवर येतो, मी तो ग्रुपवर टाकतो.