माहिती होती, मन घेत नव्हतं

सोलापुरात एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचा गट बांधायचं ठरलं, तेव्हा जो तो माहितीचं सत्र सुचवत होता. मी स्वतः एचआयव्हीची गोळी रोज घेते आणि समुपदेशनाचं काम करते. एकत्र जेवल्याने लागण होत नाही हे आमच्यातल्या प्रत्येकीला पाठ आहे. तरीही विड्या वळणारी एक अक्का घरात आपलं ताट-वाटी वेगळं ठेवायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सून ते उचलून मांडणीत लावायची, अक्का परत काढून खिडकीत ठेवायची.

"म्हाईत हाय गं सगळं, पन मन घेत न्हाई," ती म्हणाली. कार्यक्रम बांधायचा होता तो या न घेणाऱ्या मनासाठी.

म्हणून आराखडा बायकांनाच विचारून केला. दारावर पाटी नको. वेळ विड्या देऊन परतण्याची. पूर्व भागातल्या बऱ्याच जणी घरी तेलुगू बोलतात, म्हणून गट चालवायला एक तेलुगू बोलणारी ताई हवीच. आतलं दुखणं माणूस आईच्या भाषेत सांगतो.

मनातली ही लाज किती आहे ते मोजायला २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली सहा विधानांची प्रश्नावली घेतली. आजाराची लाज वाटते, अपराधी वाटतं, आपली काही किंमत नाही असं वाटतं, अशी ती विधानं. प्रत्येकीला एकटीला बसवून वाचून दाखवली. त्यात 'मी हे लपवते' असंही एक आहे. ते मी वेगळं काढून बघते. भाड्याच्या खोलीतली बाई घरमालकापासून लपवते, त्यात लाजेपेक्षा शहाणपण जास्त असतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कारणावरून घर नाकारायला, कामावरून काढायला त्यात मनाई आहे. आम्ही तो नीट समजावून सांगतो. पण खोली आज रात्री सुटली तर कायदा लगेच दारात उभा राहत नाही. त्यामुळे 'चारचौघांत सांगून टाका' असा धडा आम्ही ठेवलाच नाही. कुणाला सांगायचं ते जिचं तिने ठरवावं.

पहिल्या बैठकीत सगळ्या गोळ्यांच्या बाटल्यांवर बोलल्या. वाजू नये म्हणून आत कापूस कोंबलेला, लेबल नखाने खरवडलेलं, बाटली पिठाच्या डब्यात. त्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही. पुढे व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा, कागद प्रत्येकीने स्वतः वाचला. औषध नियमित चालू असून तपासणीत विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही, हे आपल्याच कागदावरून कळल्यावर एका तरुण बाईने तो कागद नवऱ्याला दाखवायला नेला.

सगळ्यात उपयोग झाला तो कामाचा. नव्याने एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, सुरू होणाऱ्या बाईसोबत तिची परवानगी घेऊन जुनीने केंद्रावर जायचं, रांगेत शेजारी उभं राहायचं. आपली काही किंमत नाही म्हणणाऱ्या अक्काची आता दुसरी कुणी वाट बघते. भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही एकाच परातीतून खातो, तिथेही ती पुढे असते.

सगळ्यांचंच असं झालं नाही. नवरा गेल्यावर सासरने दोष दिलेली एक जण गटात बसून आणखीच खचत गेली. झोप नाही, गोळ्या चुकायला लागलेल्या. तिला मनोविकार तज्ज्ञाकडे नेलं. उदासीनतेच्या आजाराला गट पुरत नाही. ही सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात असलीच पाहिजे.

आता पुरुषांचा गट बांधतोय. यंत्रमागावरची पाळी सुटल्यावरची वेळ त्यांनी मागितली आहे, आणि गट चालवायला पुरुषच हवा म्हणतात.