गर्भपाताच्या गोळ्या : माझा अनुभव

आमच्याकडे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ‘गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे’ अशी पाटी असते. ती वाचून गावातल्या कितीतरी बायकांनी गर्भपातच गुन्हा आहे असं धरून ठेवलंय. मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे. गर्भपाताला मात्र १९७१ पासून कायद्याची परवानगी आहे, आणि गोळ्यांनी तो नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.

धाकटी नुकतीच अंगणवाडीत जायला लागली होती आणि मला परत दिवस गेले. तिसरं नको, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. शेजारणीनं कच्ची पपई सांगितली, कुणी ओव्याचा काढा. बिनचिठ्ठीच्या गोळ्या आणून देतो म्हणणाराही एक ह्यांना भेटला. मी ऐकलं नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले.

तिथल्या मॅडमनं सोनोग्राफी का करायची ते नीट समजावलं. गर्भ पिशवीत नसून नळीत असला तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासलं. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का तेही विचारलं, आपल्या भागात तो पुष्कळ आहे. तांबी बसवलेली आहे का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, रात्री गरज पडली तर गाडी मिळेल का, घरी सोबत कोण राहील, सगळं विचारून घेतलं. मी नवऱ्याची सही लागेल का विचारलं. बाई अठरा वर्षांची झालेली असेल तर फक्त तिचीच सही लागते, आणि दवाखान्यानं तिचं नाव गुप्त ठेवायचं हाही कायदाच आहे, असं त्या म्हणाल्या. हे तर गावोगाव सांगायला पाहिजे.

पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, त्यांच्यासमोरच गिळली. गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं काम ती थांबवते. त्या दिवशी थोडं मळमळलं, बाकी काही नाही. मिसोप्रोस्टोलच्या चार गोळ्या एक-दोन दिवसांनी घ्यायच्या असतात. त्यांनी पिशवी आकुंचन पावते. मोठी जाऊ घरी राहील असा दिवस मी धरला. पोरांना ह्यांनी आजीकडे सोडलं.

चारही गोळ्या गालात धरून ठेवायच्या, अर्ध्या तासानं उरलेलं पाण्यानं गिळायचं. आधी थंडी भरली. दातावर दात आपटू लागले, अंग तापलं, एकदा जुलाब झाला. जाऊ म्हणाली, “भेव नको वं, सिस्टरनं सांगतलं होतं ना थंडी भरते म्हून.” खरंच सांगितलेलं होतं. म्हणूनच मी घाबरले नाही. मग ओटीपोटात कळा सुरू झाल्या, पाळीतल्यापेक्षा पुष्कळ जोराच्या. लिहून दिलेली आयबुप्रोफेन घेतली, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. रक्त जायला लागलं, गाठी पडल्या. दोन-तीन तास फार कठीण गेले, नंतर कळा ओसरल्या.

सिस्टरनं कापड वापरू नको, पॅडच वापर म्हणून बजावलं होतं, कारण कापडावर रक्ताचा अंदाज येत नाही. लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, घाण वास येणारं अंगावरून जायला लागलं, चक्कर येऊन पडायला झालं किंवा पोटाची कळ औषधानंही थांबली नाही, तरी जायचं. आणि रक्त गेलंच नाही, तरीसुद्धा दाखवायचं. मला यातलं काही झालं नाही. थोडं थोडं रक्त मात्र पुढं बरेच दिवस जात राहिलं. आठवडा-दोन आठवडे असं चालतं.

एका संध्याकाळी रडू आलं. त्यात सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

दोनेक आठवड्यांनी तपासणीला बोलावलं होतं. बरं वाटतंय म्हणून बायका ही फेरी टाळतात, कापूस वेचणीचे दिवस असले तर जास्तच. टाळू नका. शंभरातल्या दोन ते पाच जणींचं गोळ्यांनी पूर्ण होत नाही, त्यांची पिशवी दवाखान्यात साफ करावी लागते. लघवीची पट्टी अशा वेळी फसवते, काही आठवडे ती पॉझिटिव्हच दाखवू शकते. माझी पिशवी साफ झाली होती. पुढे मूल होण्यात या गोळ्यांनी अडचण येत नाही, उलट पुढची पाळी यायच्या आधीच परत दिवस जाऊ शकतात, असं मॅडम म्हणाल्या. मी त्याच फेरीत तांबी बसवून घेतली. हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत.