पुण्यतिथीचा केक

मे महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे, जवळ आला की राम मारुती रोडवरच्या केकच्या दुकानांत गुलाबी पाट्या लागतात. संध्याकाळी हॉटेलांबाहेर ही गर्दी! त्यात आई कोणती ते लगेच कळतं. नंबर लागायच्या आतच "एवढ्या पैशांत घरी आठ जणं जेवली असती" असं जी म्हणते, ती.

गंमत म्हणजे हा सगळा थाट मुळात एका पुण्यतिथीचा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या अ‍ॅना जार्व्हिसची आई 1905च्या मे महिन्यात गेली. 10 मे 1908 रोजी तिच्या नावाने गावच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. अ‍ॅना स्वतः गेली नाही; तिने आईच्या आवडीची कार्नेशनची पाचशे पांढरी फुलं पाठवली. मग पत्रांवर पत्रं लिहून ती पुढाऱ्यांच्या अशी मागे लागली, की 1914मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हा दिवस जाहीरच करून टाकला. आणि फुलांचे भाव चढले! बाई भडकल्या. छापील कार्ड म्हणजे निव्वळ आळस, आईला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहा, असं त्यांचं म्हणणं. पुढे तर हा दिवस बंदच करा म्हणून त्या सह्या गोळा करत फिरल्या. 1948मध्ये गेल्या. लग्न नाही, मूलबाळ नाही. मला ही तिरसट बाई भारी आवडते.

इंग्लंडात हाच सोहळा ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी. पूर्वी परक्या घरी राबणाऱ्या पोरींना त्या दिवशी घरी जायची मुभा मिळे. थायलंडमध्ये दिवंगत राणी सिरिकित यांच्या वाढदिवशी, 12 ऑगस्टला, आईच्या पाया पडून मोगरा देतात. हे आपल्याकडे सहज खपेल, गजरेवाले तर स्टेशनाबाहेर बसलेलेच आहेत.

आमच्या आईला मात्र त्या रविवारी वेळ नसतो. आंब्याची पेटी उघडलेली असते. गवत बाजूला सारून ती एकेक हापूस देठाशी हुंगते, डाग पडलेला आधी खायला काढते. चांगला आंबा आज खायचा असतो हे तिला अजून कुणी पटवू शकलेलं नाही.

तिचा खरा मातृदिन श्रावणी अमावस्येला, पिठोरीला. चौसष्ट योगिनींची पूजा होते, मग खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून ती पाठीमागे न बघता विचारते, "अतिथी कोण?" मुलाने मागून "मी" म्हणायचं आणि वाण घ्यायचं. म्हणजे आईच्या दिवशीही देणारी तीच! भाऊ बंगळुरात, तो व्हिडिओ कॉलवर "मी" म्हणून ओरडतो. आवाज एवढा उशिरा पोचतो की तोवर वाटी माझ्या हातात आलेली असते, आणि पुढचा अर्धा तास तो फोनवर खिरीत वेलची होती का, एवढंच विचारत बसतो.