दुकानातलं पोस्ट

आजची सुट्टी अमेरिकेतल्या खेड्यांतल्या पोस्ट ऑफिसांचे जुने फोटो बघण्यात गेली. घरातली कामं राहिली, राहू देत! सुरुवातीला स्वतंत्र इमारत वगैरे क्वचितच. किराणा दुकानाचा एक कोपरा आणि पत्रांसाठी लाकडी खणांचं कपाट, झालं पोस्ट. तिकडे वॉशिंग्टनला सत्तापालट झाला की इकडे बरेचदा पोस्टमास्तर बदलायचा आणि कपाट उचलून नव्या माणसाच्या दुकानात! १९०१ मध्ये देशभर ७६,९४५ पोस्ट ऑफिसं होती. पुढे टपाल शेतावरच्या घरांपर्यंत जाऊ लागलं आणि असे हजारो कोपरे बंद पडले. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने लोकांना काम मिळावं म्हणून अनेक गावांत पक्क्या इमारती बांधल्या, काहींच्या भिंतींवर चित्रंही काढून घेतली. देखण्या आहेत खऱ्या, पण मला ते दुकानातलं कपाटच जास्त आवडलं. एका फोटोत तर त्याच्या शेजारी खिळ्यांचं पिंप आहे आणि त्यावर पोस्टमास्तर स्वतःच बसलाय.