घाम, अंगारा आणि फुणफुण

संत एकनाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड सुरू झालं की लोक हसायला लागतात. शाहीर साबळ्यांची ती ठसकेबाज चाल, ते विव्हळणं, हसू येणारच. मला मात्र नाथांची तिसरी ओळच ऐकू येते: ‘तम घाम अंगासी आला’.

माझी नोकरी रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली, नर्स म्हणून. भातकापणीच्या दिवसांत लाल विंचवाचे पेशंट यायचे. ठणका लागून बोंबलत आलेल्या माणसाची आम्हाला फारशी काळजी नसे. भीती वाटायची ती गप्प पडलेल्याची. सदरा पिळून काढावा इतका घाम आणि हातपाय बर्फासारखे गार. या विषाने हृदयावर ताण येतो, मग फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला फेस येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हीच लक्षणं टिपून 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिली, पुढे 1986 मध्ये प्राझोसिनबद्दल लिहिलं. ब्लडप्रेशरची साधी गोळी, पण तिने कोकणातली कितीतरी माणसं वाचवली.

आता भारूड बघा. नाथांचा विंचू कामक्रोधाचा, म्हणजे सगळं रूपकच. पण आधी घाम, मग ‘पंचप्राण व्याकुळ झाला’. केसपेपरवर आम्ही याहून वेगळं काय लिहीत होतो? सोळाव्या शतकात पैठणला बसून या माणसाने चावलेला पेशंट जवळून पाहिला असणार, असं मला ठामपणे वाटतं. कीर्तनकार ‘तम म्हणजे तमोगुण’ एवढं सांगून पुढे सरकतात, तेव्हा माझी चिडचिड होते. अहो, घामाचं काय?

उताऱ्याचं कडवं आलं की मात्र मी जरा सावरून बसते. ‘सत्त्वगुण लावा अंगारा’. इथे नाथांनी मांत्रिकाचा अंगारा काढून घेऊन त्या जागी सत्त्वगुण ठेवलाय. आमच्याकडे पेशंट यायचे ते खराखुरा अंगारा फासूनच. आधी देवऋषी, मग कुणीतरी सांगितलेला पाला, मग रात्री बैलगाडीतून आम्ही. त्यात गेलेले तास परत मिळत नसत. भारूड तोंडपाठ असलेल्या गावांतही हेच चालायचं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि शेवटचं कडवं, ‘किंचित् राहिली फुणफुण’. विष उतरलं, माणूस वाचला, तरी चावल्या जागी काहीतरी चुरचुरत राहतं. नुसती उपमा सुचली म्हणून लिहिणारा कवी ‘विंचू उतरला’ म्हणून मोकळा झाला असता. नाथ होत नाहीत. राग गेल्यावरही तो तसाच आत कुठेतरी फुणफुणत असतो, हे माझ्या सासरच्या मंडळींनी मला नीट शिकवलंय. ती फुणफुण नाथांच्या गुरूंनी, जनार्दनस्वामींनी शांत केली.

आमच्याकडे घरी सोडताना पेशंट म्हणायचे, “सिस्टर, अजून फुणफुणतंय हो.” मी पॅरासिटामॉलच्या गोळ्या कागदात बांधून द्यायचे.