मुलुंडच्या गॅलरीत ब्रेकची हवा काढताना

डिसेंबरमध्ये तीन आठवडे घरी होते, तेव्हाची गोष्ट. भाचा त्याची एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल, घेऊन मुलुंडला आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "मावशी, पुढचा ब्रेक दाबून बघ ना." मी दाबला. लिव्हर, म्हणजे बोटांनी ओढायची दांडी, स्पंजसारखा मऊ लागला आणि थेट हँडलला टेकला. पुन्हा चारपाच वेळा भराभर दाबला, तर जरा कडक झाला. या ब्रेकमध्ये तारेऐवजी नळीतलं ऑइल जोर पोचवतं, आणि त्या नळीत हवा शिरली होती. चाकाच्या चकतीला धरणारे पॅड संपले असते तर असं मऊ लागलं नसतं.

हा मऊपणा माझ्या चांगला ओळखीचा आहे. जर्मनीत फ्रायबुर्गला राहायला लागून मला नऊ वर्षं झाली. गावाच्या अंगावरच ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आहेत. त्यातला शाउइन्सलँड 1284 मीटरचा. तिथून उतरताना एकदा माझा मागचा ब्रेक अर्ध्या वाटेत असाच बसला. उतारावर ब्रेक सतत वापरला की कॅलिपर (चाकाजवळचा, पिस्टनने पॅड दाबणारा भाग) तापतो आणि आत अडकलेला हवेचा बुडबुडा फुगतो. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे बोटांचा सगळा जोर बुडबुडा चेपण्यात जातो, पिस्टनपर्यंत पोचतच नाही. मी सायकल हातात धरून खाली चालत आले. दुरुस्तीच्या दुकानात तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, आणि उन्हाळा तिथे आधीच चिमूटभर. तेव्हा ठरवलं की हे काम आपणच शिकायचं. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येकाला एकेक जाळीची खोली आहे, तिथे दिवा लावून बसले.

पहिल्या वेळी मी पॅड न काढताच काम सुरू केलं. कॅलिपरवरच्या निप्पलमधून, म्हणजे हवा काढायच्या तोंडातून, ऑइलचे दोन थेंब गळले आणि थेट पॅडवर उतरले. पॅडने एकदा ऑइल प्यायलं की तो गेलाच समजा. घासा, तापवा, काही करा, तो किंचाळत राहतो आणि धरत नाही. म्हणून आता माझा नियम ठरलेला आहे: आधी चाक काढून लांब भिंतीला टेकवायचं, मग पॅड काढून कागदात गुंडाळून ठेवायचे, मगच ऑइलची बाटली उघडायची.

भाच्याने बाटली आणलेलीच होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून. "ब्रेक ऑइल द्या" म्हणाला, त्यांनी गाड्यांचं ब्रेक ऑइल दिलं, डॉट 3 प्रकारचं. मोटरसायकलसाठी ते अगदी बरोबर आहे. पण त्याचे ब्रेक शिमानोचे, आणि त्यात मिनरल ऑइलच लागतं. डॉट घातलं असतं तर आतले रबरी सील फुगले असते आणि अख्खा ब्रेक टाकून द्यावा लागला असता. उलटंही तितकंच खरं. डॉटवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल गेलं की तोही खलास. स्रॅमचे ब्रेक वर्षानुवर्षं डॉट 5.1 वर चालत आले, अलीकडच्या काही मॉडेलांत मात्र त्यांनीही मिनरल ऑइल आणलं आहे. म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. आणि डॉट हवेतला ओलावा ओढून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात अर्धी उघडी राहिलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नये, पाणी मिसळलं की ते लवकर उकळतं.

योग्य ऑइल दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानात मिळालं. बाकी सगळं स्टेशनजवळच: केमिस्टकडून वीस मिलीची सिरिंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्याकडून हातभर पारदर्शक नळी. लिव्हरवर बसवायचं छोटं नरसाळं मी फ्रायबुर्गहूनच आणलं होतं, कारण त्याचे आटे नेमके बसावे लागतात.

गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली. सायकल दोन खुर्च्यांच्या मध्ये उभी केली. इतका वेळ टीव्हीसमोर बसलेले बाबा उठून आले.

"हवा काढताय? मग मी धरतो."

बाबांची फियाट, म्हणजे कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी. तिच्या ब्रेकची हवा ते स्वतः काढायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. मला पुढच्या सीटवर टेकवून बसवायचे, पाय जेमतेम पेडलला पोचायचा. स्वतः मागच्या डाव्या चाकाशी आडवे, कारण सगळ्यात लांबचं चाक आधी. निप्पलला नळी, नळीचं दुसरं टोक मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत. खालून आवाज यायचा, "पंप मार... मार... आता दाबून धर!" मग पायाखालचं पेडल हळूच खाली जायचं. "सोडू नकोस हं, मी सांगेपर्यंत सोडू नकोस." निप्पल उघडं असताना पेडल सोडलं की हवा परत आत. ते मला तेव्हाच कळलं होतं, कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता लिव्हरवर बाबांचा हात आणि खाली मी. भाचा नरसाळ्याकडे डोळे लावून. कॅलिपरचे पिस्टन आत ढकलून मधे पिवळा ठोकळा बसवला. हँडल जरा फिरवून लिव्हर जमिनीला समांतर केला. वरचा बारीक स्क्रू काढून नरसाळं लावलं. त्या स्क्रूची इवलीशी रबरी रिंग हरवू नये म्हणून आईने कुंकवाची रिकामी डबी आणून दिली. खालून सिरिंज जोडून निप्पल आटा-अर्धा नाही, जेमतेम पाव फेऱ्याच्याही निम्मं सैल केलं आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबला. हवा वर जाते, म्हणून ऑइल खालून वर ढकलायचं. घाई केली की मोठा बुडबुडा फुटून त्याचे दहा बारीक होतात आणि नळीच्या भिंतीला चिकटून बसतात.

नरसाळ्यात आधी काळपट ऑइल चढलं. मग एक टपोरा बुडबुडा आला, मागोमाग साबुदाण्यासारखे बारीक, आणि हळूहळू गुलाबी स्वच्छ ऑइल. "संपली हवा?" भाच्याने विचारलं. बाबांनी उत्तर न देता पान्याच्या मुठीने नळीवर खालपासून वरपर्यंत टिचक्या मारल्या. आणखी तीन बुडबुडे. हे मी कुठल्याही व्हिडिओत पाहिलं नव्हतं असं नाही, पण इतक्या हलक्या हाताने कुणी करताना पाहिलं नव्हतं. मग जुनाच मंत्र. "दाबून धरा बाबा." निप्पल क्षणभर उघडलं, बंद केलं. "सोडा." तीनदा. हँडल थोडं वर, थोडं खाली झुकवून पुन्हा लिव्हर हलवला, शेवटचा एक बुडबुडा निघाला आणि लिव्हर दगडासारखा झाला.

मग चाकावरची डिस्क, म्हणजे ती चकती, अल्कोहोलने पुसली, पॅड बसवले. ते पिन आणि क्लिप लावून पुन्हा तपासणं मी कधी चुकवत नाही.

रविवारी पहाटे आम्ही ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर गेलो. परत उतरताना मी भाच्याकडे त्याची सायकल मागितली. आधी सपाटीवरच हात बसवून घेतला, कारण जर्मनीत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या, आणि नऊ वर्षांची सवय उतारावर आपोआप चालते. वळणाआधी एका बोटाने दाबला. जिथे हवा होता तिथे ब्रेक लागला.

त्याने सायकल भिंतीवर उभी टांगू नये असं सांगून आले आहे, निदान हँडल चाकांच्या वर राहील अशी ठेवावी, कारण हवा वर जाते. दोन खोल्यांच्या घरात ते सोपं नाही, मला माहीत आहे.

फेब्रुवारीत इथे तळघरात माझा मागचा ब्रेक काढला. एका हातात लिव्हर, दुसऱ्या हातात पाना, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. तिकडे साडेचार तास पुढे, बाबांची जेवणं झालेली.

"धरलंस का?"

"धरलं."

"उघड... बंद. आता सोड. ऑइल कसं निघालं, काळं?"

"काळं नाही बाबा, करडं."

"मग अजून एकदा."